फळ, गिरणी आणि दसऱ्याचा नारळ

आधीच सांगून टाकते, या लेखात एकाही लॅपटॉप कंपनीचं नाव येणार नाही. संपादकबाईंनी बजावलंय, "काकू, फुकटची जाहिरात नको आणि फुकटची नोटीसही नको." मला त्याने काडीचा फरक पडत नाही. नवीन पनवेलला कॉलेजच्या रस्त्यावर मी आयुष्यभर लॅपटॉप विकले आणि त्याहून जास्त दुरुस्त केले, पण आमच्या काउंटरवर कंपन्यांची खरी नावं फारशी कुणी घेतच नसे. आमची घरगुती नावं होती. आता दुकान भाचीच्या हातात दिलंय, तरी ती नावं अजून तीच आहेत.

पहिलं फळ. ते चंदेरी, पातळ, झाकणावर फळ असलेलं. ज्याच्याकडे आहे तो कॅन्टीनमध्ये बसतानासुद्धा झाकण लोकांच्या बाजूला करून बसतो. दुसरी गिरणी. जाड, काळीकुट्ट, कीबोर्डखाली लाल-हिरवे दिवे, आणि सुरू केली की आतले पंखे असे घरघरतात की शेजारचा विचारतो, दळण कधी मिळेल? गेम खेळणारी पोरं आणि इंजिनिअरिंग-आर्किटेक्चरवाली मंडळी हिच्याशिवाय जगत नाहीत. तिसरा काळा कोट. हा मोठ्या ऑफिसांनी वापरून काढून टाकलेला असतो आणि आमच्याकडे सेकंडहँड येतो. दिसायला तिकीट तपासनीसासारखा, पण मरता मरत नाही. कॉम्प्युटरची पोरं यावर जीव टाकतात आणि त्याला इतके स्टिकर लावतात की मूळ रंग कुठला ते विसरायला होतं. आणि चौथी पोळीभाजी. साधा, मधल्या किमतीचा, सेल लागला की खपणारा. सगळे तोच वापरतात आणि कुणीही त्याचं कौतुक करत नाही. कॉमर्सवाले, बीएवाले, डॉक्टरकीला लागलेले, सगळे याच पंगतीत. डॉक्टरकीवाल्यांना तसाही लॅपटॉप फक्त सिनेमे बघायला लागतो. रागावू नका गं, दुरुस्तीला येतो तेव्हा दिसतं सगळं.

लोक मला विचारायचे, काकू, मुलांमध्ये सगळ्यात जास्त काय चालतं? मी म्हणायची, मुलांमध्ये काय चालतं ते नंतर बघू, आधी बापांमध्ये काय चालतं ते विचारा. कारण पहिला लॅपटॉप बाप निवडतो. कधी काका, कधी दुबईचा मामा. ज्याला तो वापरायचाय ते कार्टं कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून उभं असतं.

आणि काय काय बाप पाहिले हो मी! खारघरच्या टॉवरमधले एक साहेब होते. मुलाला कुठला घ्यावा याचा त्यांनी ऑफिसच्या टेंडरसारखा अभ्यास केला. दर शनिवारी यायचे, तीन प्रश्न विचारायचे, "विचार करून कळवतो" म्हणायचे. शेवटी एकदाचा पक्का केला, तोवर ते मॉडेल यायचंच बंद झालं होतं. मुलगा मित्राच्या काळ्या कोटावर पहिलं वर्ष पास होऊन बसला होता. मी म्हटलं, "साहेब, आता दुसऱ्या वर्षाचा अभ्यास सुरू करा." चिडले माझ्यावर.

खांदा कॉलनीतल्या एक वहिनी तर माझ्या कायमच्या लक्षात आहेत. मुलीचा नवा कोरा लॅपटॉप, आणि आठवड्यात तक्रार की तापतो आणि बंद पडतो. आणायला सांगितला. बघते तर काय, कंपनीचं पातळ प्लास्टिक तसंच, त्यावर टीव्हीच्या रिमोटला घालतात तशी पारदर्शक पिशवी, आणि त्यावर वहिनींनी स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर, झालर लावून. हवा जायची सगळी भोकं बंद. "वहिनी, हा श्वास कुठून घेणार?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, पण धूळ बसते ना!" क्रोशाचं कव्हर मात्र सुरेख होतं. मी ते माझ्या शिलाई मशीनला मागून घेतलं.

आता धंद्यातली एक गंमत सांगते, बाहेरच्यांना ठाऊक नसते. पहिल्या सेमिस्टरला बापाने निवडलेला लॅपटॉप दुसऱ्या सेमिस्टरला पोरं बदलून घेतात. आपसात. याला आमच्याकडे अदलाबदल म्हणायचे आणि तिचा हंगाम असायचा, नाताळ झाला की सुरू. आर्किटेक्चरवाल्या पोराला बापाने फळ घेऊन दिलेलं असतं, पण त्यांची नकाशे काढायची सॉफ्टवेअरं फळावर धड चालत नाहीत. मास मीडियावालीला भावाने गिरणी आणून दिलेली असते, आणि तिला व्हिडिओ कापायला, खांद्यावर घेऊन गावभर हिंडायला हलकं फळ हवं असतं. दोघं माझ्या काउंटरवर भेटायची. मी दोन्ही मशीनं तपासायची, वरचे कमी-जास्त पैसे ठरवून द्यायची, इकडचं तिकडे करायची. घरी काय सांगायचं ते ज्याने त्याने बघायचं. पोरांच्या घरी चहाडी करायची नाही, हा आमच्या दुकानाचा शिरस्ता होता. डॉक्टर पाळतात तसा मी पाळला.

तर आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

प्रणाली नावाची मुलगी. विमानतळाच्या बाजूच्या गावातली, आगरी घरातली. वडील काशिनाथशेठ. जमीन विमानतळात गेली, आलेल्या पैशांतून त्यांनी डंपर घेतले, आज त्यांचा धंदा जोरात आहे. अंगाने आडवेतिडवे, गळ्यात साखळी, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याने वळून बघावं. पण पोरीवर जीव. प्रणालीला खारघरला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. लॅपटॉप घ्यायला आले तेव्हा हातात पेढ्यांचा बॉक्स. मला, समोरच्या मेडिकलवाल्याला, रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना पेढे देऊन झाले, मग म्हणाले, "बाई, तो फलाचा दाखवा."

प्रणाली हळूच म्हणाली, "पप्पा, सरांनी सांगितलंय, आमचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाय."

"चालत नाय म्हंजे? एवढा महाग, आनि चालत नाय?"

मी समजावून पाहिलं. गिरणी काढून दाखवली, सुरू केली. पंखे घरघरले. शेठ दचकून मागे सरले. "ह्यो कसला आवाज? पोरीला काय पीठ दलायचा हाय? बाई, आमच्या शेजारच्या पोराकडं फल हाय. तो साधा बीकॉम शिकतंय. माजी पोर बिल्डिंगी बांधनार, आनि तिच्याकडं असला डबडा? लोक काय बोलतील?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. बाप पैसे मोजत असताना गिऱ्हाईक कोण हे दुकानदाराला बरोबर कळतं. फळ बांधून दिलं.

पुढे काय झालं असेल ते ओळखलंच असेल तुम्ही. सहा महिने पोरगी कॉलेजच्या लॅबमध्ये रांगा लावून नकाशे काढत होती. नाताळानंतर फळ घेऊन दुकानात आली. योगायोगाने सना तिथेच बसली होती. सना पनवेल गावातली, मास मीडियाला, बारीक चणीची, बोलायला चुरचुरीत. भावाने तिला गिरणी घेऊन दिली होती. "काकू, हे उचलून मी शूटिंगला जाते ना, तर लोकांना वाटतं घर बदलतेय," असं म्हणायची. दोघींची अदलाबदल मी करून दिली. दोघी अशा खुश झाल्या की एकमेकींच्या मैत्रिणीच होऊन गेल्या. प्रणालीने घरी सांगितलं, ही काळी मशीन कॉलेजने प्रोजेक्टला दिलीय, आणि फळ कॉलेजच्या लॉकरमध्ये असतं. शेठना कॉलेजचं भारी कौतुक वाटलं.

फक्त एक अट प्रणालीने सनाला घातली होती. दसऱ्याला फळ एक दिवस घरी न्यायला द्यायचं. कारण काशिनाथशेठांकडे दसऱ्याला पूजा म्हणजे जत्रा. अंगणात डंपर धुऊन ओळीने उभे, त्यांना केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मग ट्रॅक्टर, मग मोटरसायकली, आणि रांगेच्या शेवटी पाटावर, लाल कपड्यावर, प्रणालीचा लॅपटॉप. आदल्या वर्षी तसंच केलं होतं, तेव्हा तो तिचा स्वतःचा होता. झाकणावर हळदकुंकू, एक फूल, झालं. त्यामुळे सनालाही भीती वाटली नाही. तिने त्यावर प्रणालीच्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं, वर गणपतीचा फोटो लावून दिला, आणि म्हणाली, "जा, पूजा कर, माझ्याही मशीनचं भलं होऊ दे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तर पायरीवर शेठ आणि प्रणाली. शेठच्या हातात तांदळाची गोण. मला वाटलं, दसऱ्याचा म्हणून तांदूळ आणला बिचाऱ्यांनी! गोण काउंटरवर आपटली, आत हात घातला, आणि तांदळातून फळ बाहेर काढलं. कीबोर्डच्या फटींत कुंकवाची लापशी, कडांना झेंडूच्या पाकळ्या, चार्जिंगच्या भोकात तांदळाचा दाणा.

"काय झालं?" मी विचारलं.

शेठ ओशाळून सांगू लागले. पूजेला पाहुणे आले होते. पाहुण्यांतले एक म्हणाले, उघडून तरी दाखवा, कसा पेटतंय ते. म्हणून झाकण उघडलं. गणपती दिसला, सगळ्यांनी हात जोडले. डंपरच्या चाकापुढे नारळ फोडून सगळ्यांवर पाणी शिंपडत शिंपडत शेठ आले होते, भक्तिभावाने उरलेलं सगळं पाणी गणपतीच्या पायावर वाहिलं. गणपतीचे पाय म्हणजे कीबोर्ड. गणपती गेला तो गेलाच.

"मग आमच्या बहिनीनं सांगितला, तांदलात ठेव, पानी ओढून घेतंय. रातभर घरच्या तांदलात होता. आमच्या शेतातला शेवटचा तांदूल हाय तो, बाई. जपून ठेवलेला."

आता हे इथे लिहिते आणि मोकळी होते: लॅपटॉप तांदळात ठेवू नका. मोबाईल ठेवू नका, घड्याळ ठेवू नका. तांदूळ काही ओढून घेत नाही, उलट भुकटी आणि दाणे आत जातात. आणि नारळाचं पाणी तर साध्या पाण्याच्या दसपट वाईट. त्यात क्षार, त्यात साखर. आतल्या सर्किटवर ते बसलं की हिरवट बुरशी धरल्यासारखं खाऊन टाकतं. पाणी पडलं की बंद करा, उलटं करा, आणि माझ्यासारखीकडे आणा. बॅटरी काढायची आम्हाला घाई असते, मशीन आणून द्यायची तुम्हाला त्याहून जास्त हवी.

शेठना हे मी इतक्या शब्दांत सांगितलं नाही. त्यांचा चेहरा आधीच पडलेला. ते म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. टाकून द्या हा. नवा द्या, याच्यापेक्षा मोठा. फलाचाच."

आणि प्रणाली, जी आतापर्यंत भिंतीकडे बघत होती, ती एकदम ओरडली, "नाय! नवा नको. हाच पायजे!"

"आगो, पन नवा घेतो ना..."

"पप्पा, हाच पायजे मना. काकू, हाच दुरुस्त करा, काय पण करा." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तिच्या रडण्याचं कारण मला समजलं होतं. सनाचा वर्षभराचा प्रोजेक्ट त्यात होता. पनवेलच्या मच्छीबाजारातल्या बायकांवरची फिल्म. ती दिवाळीच्या सुट्टीआधीच कॉलेजात जमा करायची होती. पण शेठना काय ठाऊक? ते पोरीकडे बघत राहिले आणि त्यांचेही डोळे भरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितला बाई? बापानं दिलेला हाय म्हनून सोडीत नाय. नवा नको बोलतंय. किती पोरी असतात अशा?"

मी "हो ना" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शिरस्ता पाळायचा म्हणजे कधीकधी असं तोंड शिवून उभं राहावं लागतं.

शेठ गाडी काढायला गेले तसा मी प्रणालीचा कान पकडला. "फिल्मची दुसरी कॉपी ठेवलीय का सनाने?"

"विचारलं. घेणार होती म्हणे."

घेणार होती! या दोन शब्दांवर माझा अर्धा धंदा चालला. पोरं सिनेमाच्या चार चार कॉप्या ठेवतात, आणि स्वतःच्या प्रोजेक्टची कॉपी कायम उद्या घेणार असतात.

इथे ब्रँडचं महत्त्व कळतं, बरं का. गिरणी किंवा काळा कोट असता तर मी मागचे स्क्रू काढले असते, आतली डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला जोडली असती, चहा थंड व्हायच्या आत फिल्म हातात. फळाचं तसं नाही. पातळपणापायी त्यातली साठवण मुख्य सर्किटलाच डकवून टाकलेली असते, सुटी निघत नाही. फिल्म हवी तर मशीन जिवंत व्हायलाच हवं. देखणेपणाचे पैसे असे मागाहून द्यावे लागतात.

दुपारी सना आली. मला वाटलं होतं आकांडतांडव करेल. ती नुसती स्टुलावर बसली आणि उघड्या सर्किटकडे बघत राहिली. मग प्रणालीला म्हणाली, "तू तर म्हणालीस फक्त फूल वाहतात." प्रणाली तिच्या शेजारी बसून रडत होती. सना जरा वेळाने म्हणाली, "रडू नको गं. तुझ्या पप्पांनी प्रेमाने केलं. पण काकू, ती सगळ्यात म्हातारी मावशी होती ना, कोळंबी सोलता सोलता गाणारी, ती आता बाजारात बसत नाही. तिचं परत शूट नाही होणार."  तोवर मी मशीन वाचवत होते, आता त्या मावशीला वाचवायचं होतं.

पुढचे काही दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. दातांच्या मऊ ब्रशने आणि स्पिरिटने सर्किट घासायचं, वाळवायचं, भिंगाखाली धरून कुठे काय खाल्लंय ते शोधायचं. कुंकू निघता निघेना. शेठ रोज येत. चहा मागवत, स्टुलावर बसत, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "माजी पोर बोलली, पप्पानं दिलेला हाच पायजे. नवा नको." एकदा एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "वा काका!" त्याला शेठनी चहा पाजला. प्रणाली तेव्हा तिथेच होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. मी तिला खुणेने म्हटलं, सांगून टाक. तिने मान हलवली. मग मी डोळे वटारले. तरी नाही.

शेवटी एका दुपारी सर्किटवरचा एक जळलेला बारीकसा भाग बदलला आणि मशीनमध्ये जीव आला. शेठ समोर बसलेले, सना काउंटरच्या टोकाला गिऱ्हाईक असल्याचं नाटक करत माऊस बघत होती, प्रणाली माझ्यामागे. पडदा उजळला. शेठनी हात जोडले. "आला! गनपती आला!"

गणपती आला, पण एकटा नाही. बंद पडून सुरू झालेलं मशीन पहिल्यांदा विचारतं, कोण तू? आणि जितकी खाती असतील तितके गोल चेहरे समोर मांडतं. एका गोलात गणपती आणि खाली प्रणाली. त्याच्या शेजारच्या गोलात दात काढून हसणारी सना आणि खाली तिचं नाव. वर मशीनची मालकीण म्हणूनही तिचंच नाव.

शेठनी तो चेहरा बघितला. मग काउंटरच्या टोकाकडे बघितलं. सनाच्या हातातून माऊस पडला.

"ही कोन?" शेठनी विचारलं.

 मग प्रणाली पुढे आली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. सॉफ्टवेअर, लॅब, अदलाबदल, कॉलेजने दिलेली म्हणून सांगितलेली मशीन, पूजा, सगळं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण ऐकताना एकदाही मधे बोलला नाही.

"म्हंजे मी दुसऱ्याच्या पोरीच्या मशीनवर नारलाचा पानी ओतला."

"हो पप्पा."

"आनि तू हाच पायजे बोललीस, तो..." त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "तो मी दिला म्हनून नाय."

प्रणाली खोटं बोलू शकली असती. तेवढं तरी बोलावं, असं मला मनापासून वाटलं. पण ती म्हणाली, "नाय पप्पा. सनाची फिल्म होती त्यात."

शेठ उठले आणि दुकानाबाहेर गेले. काचेतून दिसत होते, गाडीचं दार उघडून नुसते बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. आठवडाभर गावभर मिरवलेली गोष्ट त्यांच्या हातून अशी काढून घेतली गेली होती, आणि ती काढून घेणारं मशीन मीच जिवापाड मेहनत करून चालू केलं होतं.

जरा वेळाने आत आले. माझ्याकडे, प्रणालीकडे पाहिलं नाही. थेट सनापुढे उभे राहिले. "पोरी, तुजी फिल्म हाय ना त्यात? बघ आदी सगली हाय का."

सनाने पासवर्ड घातला. फिल्म उघडली. मच्छीबाजाराचा कलकलाट दुकानभर झाला, आणि कोळंबी सोलणारी ती म्हातारी गायला लागली. सना तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. शेठ वाकून बघत होते. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"चांगला गाते," म्हणाले. मग, "माफ कर पोरी. मना म्हायती नव्हता."

"चाचा, असं नका बोलू. तुम्ही पूजा केलीत, शिवी नाही दिलीत."

"कीबोर्ड बदलून द्या बाई, नवा. जो खर्च असंल तो माजा." आणि प्रणालीला, तिच्याकडे न बघताच, "चल."

आणि दोघं गेली. ती निमूट मागे, पाठीवर दप्तरात तिची गिरणी. मी सनाला आधी फिल्मच्या दोन कॉप्या काढायला लावल्या, मगच घरी सोडलं. पण डोक्यातून ते बापलेक जाईनात. वाटायचं, शिकणं तरी बंद नाही ना करायचा हा माणूस? चिडलेला बाप काय करेल नेम नाही. फोन करावासा वाटायचा आणि हात अडायचा. आपलं काय नातं? लॅपटॉपवाली.

पुढच्या वर्षी प्रवेश सुरू झाले आणि एका सकाळी रस्त्यापलीकडून तो आवाज ऐकू आला. शेठ. बरोबर बहीण आणि बहिणीची मुलगी, सतरा-अठरा वर्षांची, लाजरी. मी तर उठूनच उभी राहिले. "प्रणाली कशी आहे?"

"मजेत हाय. रातदिवस ती गिरनी घरघर करतंय घरात. झोप नाय आमाला." म्हणाले, आणि मग जरा थांबून, "एक महिना बोललो नाय मी तिच्याशी. मंग एक दिस तिला विचारला, सांगितला का नाय मना आदीच? ती बोलली, सांगितला होता पप्पा. दुकानात, पयल्याच दिवशी. तुमी ऐकला नाय."

 मी साक्षीदार होते त्याला.

"ही आमची भाची," शेठ म्हणाले. "कॉलेजात चाललंय. हिला लॅपटॉप पायजे."

सवयीने मी शेठकडेच वळले, "काय दाखवू?"

"मना नका विचारू. तिला विचारा." आणि बहिणीचा दंड धरला, "चल गो, आपन भायेर."

"अरे, पन बघू तरी दे!" बहीण म्हणाली.

"काय कलतंय आपल्याला? चल."

आणि खरोखर दोघं बाहेर जाऊन उभी राहिली, भर उन्हात. पोरगी आधी बावरली. मग मी विचारत गेले, काय शिकणार, कुठे बसून शिकणार, घरी वीज जाते का, आणि ती हळूहळू बोलायला लागली. चांगला अर्धा-पाऊण तास बोलली. शेठनी एकदा काचेला नाक लावून आत पाहिलं. मी हाताने हाकललं तसे पाठ फिरवून उभे राहिले.

तिने पोळीभाजी निवडली. अगदी साधी, करड्या रंगाची. तिच्या कामाला तीच योग्य होती.

मी दार उघडून शेठना बोलावलं. काउंटरवरचा तो करडा डबा त्यांनी पाहिला आणि त्यांचं तोंड असं उतरलं की मला हसू आवरेना. एक नजर शोकेसमधल्या फळाकडे गेली. घसा खाकरला. बोलणार होते, मला स्पष्ट दिसलं. ओठांपर्यंत आलेलं त्यांनी गिळलं.

"तुला आवडला?" त्यांनी भाचीला विचारलं.

तिने मान हलवली.

"तुला पायजे तोच हाय ना? नक्की?"

"हो मामा."

"मंग झाला," शेठ म्हणाले आणि खोका स्वतः उचलून खांद्यावर घेतला.